नेवऱ्याचा सॅक्सोफोन

लखनऊत लग्नसराईला सहालग म्हणतात. ती सुरू झाली की चौकातल्या माझ्या खोलीची गल्लीकडची खिडकी लावून काही उपयोग होत नाही. गोल दरवाज्यातून वरात आत शिरते. गल्ली अरुंद. एका बाजूला चिकनच्या कुडत्यांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला अत्तरवाला, मधे घोडी अडलेली. बँडवाल्यांना पुढे सरकता येत नाही आणि मागे फिरता येत नाही. एकाच जागी उभं राहून दहा-पंधरा मिनिटं वाजवत राहायचं. चौकातलं सगळ्यात चांगलं संगीत मी या अडलेल्या वेळात ऐकलं आहे. नाचणाऱ्या पोरांची फर्माईश संपते, ट्रम्पेटवाल्याचे ओठ दमतात आणि लाल कोटाची वरची दोन बटणं उघडी टाकलेला एक म्हातारा आपला वाकड्या मानेचा पितळी बाजा तोंडाला लावून स्वतःपुरतं काहीतरी वाजवू लागतो.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री त्यानं पिलूतला दादरा धरला. कोमल गंधारावरून शुद्ध गंधाराला जेमतेम शिवून परत यायची एक जागा त्यात आहे. मी ती विद्यार्थिनींना शिकवता शिकवता थकते. चाव्यांच्या वाद्यावर ती मिळायलाच नको, पण म्हाताऱ्यानं ती ओठांच्या दाबानं काढली. दुसऱ्या दिवशी गाठून विचारलं, हे वाद्य कुठलं? "सेक्साफून," तो म्हणाला. विलायती आहे ना, असं म्हटल्यावर त्याला जरा राग आला. आजोबा हेच वाजवायचे, वडीलही हेच वाजवायचे, मग हे विलायती कसं? शहनाईवाले महाग झाले तेव्हापासून हाच आमचा खानदानी बाजा, असं त्याचं म्हणणं.

त्याच आठवड्यात या पुस्तकाची मुद्रितं माझ्याकडे आली. गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातल्या नेवरा गावचे ब्राझ गोन्साल्विस, भारतातल्या जॅझचे एक थोर सॅक्सोफोनवादक, आणि त्यांच्या मागचीपुढची वादकांची पिढी हा पुस्तकाचा विषय. प्रस्तावना लखनऊच्या एका ठुमरी शिकवणाऱ्या बाईनं लिहावी, ही कल्पना लेखकाची. मी आधी नाही म्हणाले. जॅझ मी ऐकते, पण त्यातलं शास्त्र मला येत नाही. शिवाय गोवा माझा नाही, माझं माहेर साताऱ्याचं. मग त्या म्हाताऱ्याचा दादरा आठवला आणि वाटलं, हा प्रश्न माझ्याही दारात उभा आहे. परक्या घरून आलेलं वाद्य आपलं केव्हा होतं? आणि ते आपलं करणारा माणूस कुठल्या परंपरेतून बळ घेतो?

सॅक्सोफोनचा जन्म तसा अलीकडचा. बेल्जियमचा कारागीर अडॉल्फ सॅक्स यानं 1846 साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. देह पितळेचा असूनही ऑर्केस्ट्रात त्याची गणना लाकडी वाद्यांत होते, कारण आवाज निघतो तो वेताच्या एका पातळ पट्टीतून. शहनाईची पत्ती दुहेरी, याची एकेरी. सॅक्सला तो लष्करी बँडात हवा होता आणि तिथं तो गेलाही. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी त्याला माणसासारखं बोलायला, कण्हायला, टोमणे मारायला शिकवलं. वाद्याचा खरा इतिहास तिथून सुरू होतो असं माझं मत. घडवणाऱ्याचं नाव वाद्याला मिळालं, पण जीभ त्याला दुसऱ्यांनी दिली.

गोव्यात पाश्चात्त्य संगीत गेलं चर्चच्या शाळांतून. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडून शाळा होत्या. तिथला मेस्त मुलांना स्वरलेखन वाचायला, गायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. हेतू प्रार्थनेपुरता. पण त्यामुळे झालं असं, की शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या घरातलं पोरही कागदावर लिहिलेलं संगीत बघताक्षणी वाजवू लागलं. इंग्रजांच्या हिंदुस्थानात हे कसब दुर्मीळ होतं. मग गोव्याचे वादक पोटामागे निघाले. पलटणींचे आणि संस्थानिकांचे बँड, सर्कशी, रेल्वे इन्स्टिट्यूटमधले नाच, मूकपटांच्या पडद्यासमोरचे वाद्यवृंद, मसुरी-नैनितालची हॉटेलं, सगळीकडे. मुंबईत ते धोबीतलावच्या कुडांत उतरत. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी चालवलेलं वसतिस्थान. भिंतीशी ट्रंकांची रांग, कोपऱ्यात क्रूस आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना.

लेखकानं हा भाग तपशिलानं लिहिला आहे, मी त्यात भर घालत नाही. एकच गोष्ट सांगते. लखनऊमध्येही लिहिलेल्या संगीतानं एक उलथापालथ केली आणि ती करणारा माणूस मराठी होता. विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 साली इथं मॅरिस कॉलेज सुरू केलं. दोन वर्षांनी श्रीकृष्ण रातंजनकर प्राचार्य म्हणून आले आणि त्यांनी जवळजवळ तीन दशकं ते चालवलं. उस्तादांच्या घरांत कुलुपात ठेवलेल्या चिजा भातखंड्यांनी कागदावर आणल्या. चौकातल्या गवयांनी तेव्हा नाकं मुरडली. कागदावर राग येतो, रंग येत नाही, असं इथले जुने लोक आजही म्हणतात. गोव्याच्या मेस्तानं नेमकं उलटं केलं होतं. तिथं मुलाला आधी कागद मिळाला आणि रंग त्याला बाहेर शोधावा लागला.

तो रंग त्यांना सापडला मुंबईत. 1935 साली लिऑन ॲबी या काळ्या अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो हिंदुस्थानातच राहिला आणि 1945 साली कलकत्त्यात पटकीनं वारला. या मंडळींच्या शेजारी बसून गोव्याच्या मुलांनी ते शिकून घेतलं जे कुठल्याच मेस्तानं शिकवलं नव्हतं: लिहिलेला सूर तसाच न वाजवणं. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ याच काळात 'चिक चॉकलेट' झाला. ट्रम्पेट, घाम पुसायचा रुमाल, खरखरीत आवाज, सगळं लुई आर्मस्ट्राँगसारखं. ब्राझ गोन्साल्विस पुढे या चिक चॉकलेटचे जावई झाले. पुस्तकात हा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे अशाच नात्याला घराणं म्हणतात.

मराठी वाचकाला चिक चॉकलेट भेटलेला आहे, फक्त नाव ठाऊक नसेल. 1951 च्या 'अलबेला'त भगवान आणि गीता बालीच्या नाचामागे झालरींचे पोशाख घालून वाजवणारा जो बँड दिसतो, तो त्याचा. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. या माणसाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं, पण त्यांच्या वाद्यवृंदातल्या गोवेकरांबद्दल फार कमी. 1947 च्या ज्या चित्रपटात त्यांनी पहिल्यांदा पाश्चात्त्य नाचाची लय धुमधडाक्यानं आणली, त्याचं नाव होतं 'शहनाई'. असा विनोद ठरवून करता येत नाही. 'आशा'तल्या 1957 च्या ईना-मीनाच्या गाण्याची जन्मकथा प्रसिद्ध आहे. खोलीबाहेर मुलं खेळताना इंग्रजी मोजणीचं बडबडगीत म्हणत होती. त्यावरून धृपद सुचलं आणि जॉन गोम्स या गोव्याच्या साथीदारानं त्यात कोकणीतलं 'माका नाका' घातलं. सबंध हिंदुस्थान कोकणी बोलला, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

चितळकर, नौशाद यांच्यासारखे संगीतकार चाल गाऊन दाखवत. ती कागदावर उतरवून व्हायोलिनं, क्लॅरिनेटं आणि सॅक्सोफोन यांची कामं वाटून देणारे अरेंजर बहुतांशी गोव्याचे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. या अँथनींकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, म्हणूनच 1977 साली एका गाण्यात अमिताभच्या तोंडी ते नाव आलं. लोकांना त्यातला अंड्यातून बाहेर येणारा विदूषक आठवतो. खऱ्या अँथनींनी 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर रचलेल्या आपल्या सिंफनी वाजवल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. त्यांच्या गावच्या चर्चमधलं शिक्षण आणि हिंदुस्थानी राग यांना एका कागदावर बसवण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न. ब्राझ यांनी जे पुढे केलं, त्याची पायरी ही.

आता नौशाद. लखनऊचा माणूस म्हणून मी त्यांच्यावर जरा हक्क सांगते. 1919 साली ते इथं जन्मले. पोरवयात वाद्यांच्या दुकानात काम केलं, मूकपटांच्या वाद्यवृंदात वाजवलं, बाराबंकीजवळच्या देवा शरीफच्या उरुसात कव्वाल ऐकले आणि 1937 साली घर सोडून मुंबईला गेले. सोबत नेल्या त्या अवधच्या धुना: कजरी, चैती, होरी, विदाईची गाणी. 'रतन' पासून 'गंगा जमुना' पर्यंत त्या धुना त्यांनी पडद्यावर आणल्या. एक फेरा पाहा. आमच्या गल्लीतली चैती नौशादांच्या कानातून दादरच्या फुटपाथवर पोचली, तिथून गोव्याच्या वादकाच्या कागदावर गेली, सॅक्सोफोन-क्लॅरिनेटातून तबकडीवर आली, आणि वीस वर्षांनी वरातीच्या बँडातून सॅक्सोफोनवरच पुन्हा गोल दरवाज्यातून आत शिरली. माझा म्हातारा आजोबांचं वाद्य म्हणतो ते हे. या फेऱ्यात त्याचं काही चुकलेलं नाही.

ब्राझ गोन्साल्विस यांचा जन्म 1930 च्या दशकातला. मुंबईच्या बँडांतून घडून ते कलकत्त्याला गेले तेव्हा तिथला पार्क स्ट्रीट भरात होता. ट्रिंकाज, मोकांबो, ब्लू फॉक्स. जेवणारे जेवत असत, नाचणारे नाचत आणि मंचावर रोज रात्री चार-पाच तास वाजवणं. वादकाला इतका रियाज कुठलं गुरुकुल देणार नाही. गायिका पॅम क्रेन, दार्जिलिंगहून आलेले पियानोवादक लुई बँक्स, गिटारवाले कार्लटन किट्टो ही त्या रस्त्यावरची माणसं. लखनऊच्या वाचकाला इथं दुसरं एक स्थलांतर आठवेल. 1856 साली इंग्रजांनी वाजिद अली शाहला गादीवरून उतरवलं. तो कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेला, त्याच्यामागे चौकातले गवई, सारंगिये, कथकही गेले, आणि बंगालला ठुमरी मिळाली. शंभर वर्षांनी त्याच शहराला गोव्यानं जॅझ दिलं. आपापल्या गावी पोट भरेना म्हणून निघालेल्यांना कलकत्त्यानं दोन्ही वेळा ठेवून घेतलं. दिल्ली-मुंबईचे लोक हे श्रेय त्या शहराला देत नाहीत.

1960 च्या आसपास जगभरचे जॅझवाले पूर्वेकडे पाहू लागले. डेव्ह ब्रुबेक 1958 साली हिंदुस्थानात येऊन गेला आणि कलकत्त्याचं नाव घेऊन एक रचना करून गेला. जॉन कोल्ट्रेननं 1961 साली 'इंडिया' वाजवलं आणि मुलाचं नाव रवी शंकरांवरून रवी ठेवलं. लंडनमध्ये कलकत्त्याचा जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी सतार-तबला आणि जॅझची पंचकं एकत्र बसवली. सनी रॉलिन्स तर सॅक्सोफोन घेऊन पवईच्या चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला. मुंबईकर तेव्हा पवईला सहलीला जात. तिथं जगातला सगळ्यात मोठा टेनर सॅक्सोफोनवादक श्वासाचे धडे घेत होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

या वाऱ्यातच 1970 साली ब्राझ गोन्साल्विस यांची 'रागा रॉक' ही तबकडी आली, सात जणांच्या चमूची. पुढे लुई बँक्स यांच्याबरोबर त्यांनी इंडो-जॅझचा चमू उभा केला. मुंबईत निरंजन झवेरी आणि मित्रांनी 1978 साली धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरवली. सनी रॉलिन्स त्या निमित्तानं भारतात परत आला. रंगभवन ते झेवियरचं आवार आणि तिथून गोवेकरांचे कूड, सगळं चालत पाच मिनिटांच्या अंतरात. जॅझ यात्रेच्या वर्षांत ब्राझ यांचं इंडो-जॅझ भारताबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोचलं. पुस्तकातला हा भाग सगळ्यात रंगलेला आहे आणि माझा लेखकाशी वादही इथंच आहे.

लेखक म्हणतो, ब्राझ रागाकडे वळले तेव्हा त्यांचं वादन भारतीय झालं. मला हे पटत नाही. 'इंडो-जॅझ' या शब्दातलं 'इंडो' म्हणजे राग, असं त्या काळी सगळ्यांनीच धरून घेतलं. परदेशी रसिकांना सतार हवी होती, आयोजकांना नाव हवं होतं. रागाचे स्वर घेऊन त्यावर जॅझची लय बसवली की काम झालं, असं पुष्कळांना वाटलं. त्यातलं बरंचसं आज ऐकलं तर दोन पाहुणे एकाच सोफ्यावर अवघडून बसल्यासारखं वाटतं. मी रागाचीच माणूस आहे, म्हणून हे म्हणायचा अधिकार घेते. राग म्हणजे स्वरांची यादी नसते. कोणत्या स्वरावर किती थांबायचं, कुठून उतरायचं, कशाला नुसतं शिवायचं, हे त्यात मुख्य. ब्राझ या गर्दीत वेगळे का वाटतात? माझ्या कानाला त्यांचा विलंबित सूर नेवऱ्याच्या चर्चमधला ऐकू येतो. लांब श्वासाची, शेवटी किंचित खाली ढळणारी ती ओळ कुठल्या रागाच्या पुस्तकात नाही. ती प्रार्थनेत आहे. मांडोत आहे.

मांडो म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती घरांत एकोणिसाव्या शतकात बहरलेलं संथ, विरहाचं गाणं. कुडतरी, लोटली, राय अशा साष्टीतल्या गावांत त्याचं माहेर. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे दोन्ही तोंडांचं मातीचं मडकं, पूर्वी घोरपडीचं कातडं चढवलेलं, आता कायद्यामुळे बकऱ्याचं. मांडो संपला की चढत्या लयीचं दुलपद आणि मग देखणी. देखणी हा प्रकार चौकात राहणाऱ्या बाईला हलवून सोडतो. ख्रिस्ती घरातल्या दिवाणखान्यात ख्रिस्ती मुली हिंदू कलावंतिणीचं रूप घेऊन नाचतात. सगळ्यात प्रसिद्ध देखणीत कलावंतीण नावाड्याची विनवणी करते: पलीकडे लग्न आहे, नाचायला जायचंय, मला नदी ओलांडून ने, दागिने घे. 1973 च्या 'बॉबी'त ती चाल नवे शब्द लेवून आली.

हे गाणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा खिडकीतून समोरची माडी दिसत होती. आता तिथं चिकनचं गोदाम आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथं कोठा होता आणि लग्नाचं आमंत्रण आलं की तिथूनही पालख्या निघत. गोव्याच्या कलावंतिणींच्या घरांतून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. अवधच्या अशाच घरांतून बेगम अख्तर आल्या. फैजाबादला जन्मल्या, लखनऊत राहिल्या आणि इथं ठाकुरगंजच्या पसंदबागेत आईच्या शेजारी मातीत गेल्या. नदी ओलांडून दुसऱ्याच्या लग्नात गायला जाणारी बाई दोन्ही प्रदेशांत एकच. गोव्याच्या ख्रिस्ती माणसानं धर्म बदलला, भाषेत पोर्तुगीज मिसळली, वाद्यं युरोपातली घेतली, पण ही बाई त्याच्या गाण्यातून गेली नाही. ब्राझ यांच्या रक्तातली लोकपरंपरा कुठली, असं कुणी विचारलं तर मी बोट इकडे दाखवीन. भूपाळी आणि यमन त्यांनी नंतर मिळवले. ही त्यांना आयती मिळाली होती.

त्याच पिढीतला मडगावच्या बोर्ड्याचा ख्रिस पेरी या बाबतीत जास्त निश्चिंत होता. तोही सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाला, तोही मुंबईच्या नाइटक्लबांतला. त्यानं रागाच्या दाराशी जाण्याची तसदी घेतली नाही. कोकणी शब्द, दुलपदाची उडती लय आणि जॅझची सुरावट यांचं एक झणझणीत कालवण त्यानं केलं, आणि लोर्ना कोर्देरोच्या आवाजात ते गोव्याच्या घराघरांत गेलं. जाणकारांनी त्याला 'कांतारं' म्हणून बाजूला ठेवलं. आज पन्नास वर्षांनी गोव्याच्या लग्नांत कोण वाजतं? ब्राझ यांच्यावरच्या पुस्तकात पेरीला दीड पान मिळालंय, हे मला कमी वाटतं. लेखकाला मी तसं कळवलं. त्यानं ते अर्धं पान वाढवून दोन केलं.

परकं वाद्य आपलं करण्याचा प्रश्न गोव्यापुरता नाही. बाल्टिक समुद्रावरच्या चिमुकल्या एस्टोनियाचं उदाहरण पाहा. सोव्हिएत संघात 1949 च्या सुमारास सॅक्सोफोन हे भांडवलशाहीचं वाद्य ठरलं आणि वादकांवर तो खाली ठेवायची पाळी आली. जवळपास त्याच काळात आपल्या आकाशवाणीनं पेटीला बंदी केली होती, 1940 पासून. कारण वेगळं, ताठा तोच. एस्टोनियात जुनं रूनी लोकगीत होतं: एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. आपल्या भजनासारखं. 1869 पासून तिथं हजारो लोक एकत्र गाण्याचे मेळे भरवतात, आणि 1988 नंतर त्याच गाण्यांच्या बळावर ते सोव्हिएत सत्तेसमोर उभे राहिले. 1967 साली टालिनच्या जॅझ महोत्सवात अमेरिकेचा सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड वाजवून गेला. त्यानंतरच्या पिढीत विल्लू वेस्कीसारखे सॅक्सोफोनवादक झाले. त्यांनी उत्तरेकडच्या बेटांवरच्या लोकधुना जॅझमध्ये आणल्या. त्यांना आपलं देशीपण सिद्ध करायला कुठलं शास्त्र उसनं आणावं लागलं नाही. आजीचं गाणं पुरलं. आपल्याकडे शास्त्र इतकं थोर आणि इतकं जवळ आहे, की आजी मागे राहते.

शास्त्राच्या वाटेनं जाऊन जिंकलेला माणूस आपल्याकडे आहे आणि त्याचं नाव इथं न घेणं अन्यायाचं होईल. कद्री गोपालनाथ. मंगळूरजवळचे, वडील नागस्वरम् वाजवणारे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात त्यांनी सॅक्सोफोन पाहिला आणि त्याला कर्नाटक संगीत शिकवायचं ठरवलं. वाद्याच्या चाव्यांत फेरफार केले, गमकं बसवली. 2019 साली ते गेले तोवर दक्षिणेतल्या देवळांच्या उत्सवांत सॅक्सोफोन मानाचा झाला होता. पण गोपालनाथ जॅझवाले नव्हते. ते नागस्वरम् वाजवत होते, नळी तेवढी बदलली होती. ब्राझ यांचं काम जास्त अवघड. त्यांना दोन्ही घरं सांभाळायची होती.

अशा दोन घरांच्या माणसाला कसं जोखायचं? लखनऊकडे त्याचं एक जुनं माप आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घरातले भैया गणपतराव. त्यांच्या हातात पेटी होती. तीही युरोपातून आलेली आणि तिच्यातही पितळी जिभाच बोलतात. पट्टीच्या वाद्यावर मींड निघत नाही, म्हणून पंडितांनी तिला कधी जवळ केलं नाही. गणपतरावांनी लखनऊच्या सादिक अली खाँकडे ठुमरी शिकली आणि पेटीवर ती अशी वाजवली, की पुढच्या ठुमरी गायकीला पेटीशिवाय चालेना. मींड निघत नाही ना? मग बोटांच्या चलाखीनं तिचा भास करा. जे वाद्याला जमत नाही त्याच्या शेजारची जागा शोधा. इथल्या मॅरिस कॉलेजात शिकवलेले विष्णु गोविंद जोग यांनी व्हायोलिनवर हेच केलं आणि बिस्मिल्ला खाँच्या शहनाईशेजारी बसून पूरबच्या धुना वाजवल्या. परकं वाद्य घरात घ्यायचं तर ठुमरी-दादऱ्याच्या, कजरी-चैतीच्या दारातून घ्यावं. मोठ्या रागांचा दरबार नंतर. दरबारात नवख्याला उभं राहायला शिकवतात. बोलायला शिकवते ती गल्ली.

या मापानं पाहिलं तर ब्राझ गोन्साल्विस यांची कारकीर्द मला अर्धी जिंकलेली वाटते, आणि अर्धं म्हणजे थोडं नव्हे. त्यांच्या ओठांत गल्ली होती. काळानं त्यांच्याकडे दरबार मागितला आणि त्यांनी तो दिला, उत्तम दिला. कारकिर्दीच्या भरानंतर ते गोव्याकडे वळले आणि देवाच्या गाण्यांत रमले. काही टीकाकारांना ती माघार वाटते. मला ती घरवापसी वाटते आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचल्यावर वाचकालाही तसं वाटेल अशी आशा आहे.

पुस्तकाबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. वादकांच्या पगाराचे, तासांचे, हॉटेलमालकांशी झालेल्या भांडणांचे तपशील लेखकानं मन लावून दिले आहेत. कंटाळून ते ओलांडू नका. जॅझचा निम्मा इतिहास त्यात आहे. दुसरं, कोकणी शब्दांचे अर्थ तळटीपांत न देता मजकुरातच उमगतील असे ठेवले आहेत. मराठी वाचकाला ते कळतात. न कळल्यास एखाद्या गोवेकराला फोन करावा, तो दोन तास बोलेल.

मुद्रितं परत पाठवण्याच्या आदल्या दिवशी मी फोनवर ब्राझ यांचं वादन लावून त्या बँडवाल्या म्हाताऱ्याला ऐकवलं. गोल दरवाज्यापाशी मक्खन-मलईच्या ठेल्याशेजारी उभे होतो, सकाळची थंडी होती. त्यानं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. राग कुठला, वाजवणारा कुठला, हिंदू की ख्रिस्ती, काही विचारलं नाही. म्हणाला, श्वास कुठे घेतो ते कळतच नाही. मग विचारलं, रीड किती नंबरची वापरत असेल? या प्रश्नाचं उत्तर लेखकानं पुढच्या आवृत्तीत जरूर द्यावं, अशी विनंती.

चौक, लखनऊ